अहल्यामावशीचा पांढरा मोर

माझी अहल्यामावशी एकतीस वर्षं इंदूरजवळच्या आमच्या शहरात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात लॅब असिस्टंट होती. तिथल्या संग्रहालयात काचेच्या कपाटांतून पेंढा भरलेले जुने पक्षी होते, कुणाची चोच गळालेली, कुणाला वाळवी लागलेली. नवे पक्षी मारून भरायला कायद्याने बंदी, म्हणून मावशी कागदाचा लगदा, तार आणि लाकडाचा भुसा घेऊन हुबेहूब पक्षी बनवायला शिकली. तिने केलेला खंड्या पाहून एका इन्स्पेक्शनवाल्या साहेबाने विचारलं होतं, "ये मारने की परमिशन किसने दी?" ही गोष्ट ती आम्हाला फार खुशीत सांगायची.

हा हात तिच्याकडे घराण्यातून आला असं ती म्हणते. तिच्या आईचं माहेर शिंदे सरकारच्या शिकारखान्यात चाकरी करणारं. तिचे आजोबा स्वतः कधी शिकारीला गेले नाहीत, पण त्यांच्या आजोबांकडे भुलाव्याचे पक्षी असायचे. खरा पक्षी जवळ यावा म्हणून माळावर मांडायचे खोटे पक्षी. ते कसे करायचे, कुठे ठेवायचे, कोणत्या वेळी ठेवायचे, याच्या गोष्टी मावशीने लहानपणी इतक्यांदा ऐकल्या की तिला त्या पाढ्यांसारख्या पाठ होत्या. त्या कधी उपयोगाला येतील असं तिला वाटलं नव्हतं.

तिचे यजमान अनिलकाका. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांना पक्षी पाहण्याचा नाद लागला. रोज सकाळी स्कूटर काढायची, भैरवगढच्या पुढे उन्हेल रोडला एक नाला आहे तिथे बाभळीत जाऊन बसायचं, आणि साडेआठला पोहे खायला घरी परत. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस.

सात वर्षांपूर्वी मार्च महिन्यात त्यांना तिथे झुडपात एक पिंजरा दिसला. आत तीतर. तो गळा फुगवून ओरडत होता आणि त्याच्या ओरडण्याला आजूबाजूच्या गवतातून रानातले तीतर उत्तर देत जवळ जवळ सरकत होते. काकांच्या लक्षात आलं की हा पाळलेला पक्षी दुसऱ्यांना मरायला बोलावतोय. त्यांनी पिंजऱ्यावरचं कापड ओढून काढलं आणि दार उघडलं. तीतर भुर्रकन उडाला. काका सरळ उभे राहिले, आणि समोरच्या बांधाआडून बंदूक सुटली.

बरेचसे छर्रे खांद्याला आणि जाकिटाला लागले. एक डाव्या डोळ्यात गेला.

ते खाली पडले तेव्हा कुणीतरी चालत जवळ आलं. पिंजरा उचलल्याचा आवाज त्यांनी ऐकला. मग एक पुरुषी आवाज, शांत, जरासा हसरा: "बाबूजी को कुछ ज़्यादा ही दिखता है।" मग जीप सुरू झाली.

डोळा गेला. पोलिसांनी अज्ञात इसमाविरुद्ध तक्रार लिहून घेतली आणि सहा महिन्यांनी 'आरोपी मिळून येत नाही' म्हणून बाजूला ठेवली. काकांनी स्कूटर विकली. दुर्बीण कपाटात गेली. ते चिडले असते, रडले असते तर मावशीला बरं वाटलं असतं. पण ते नुसतेच शांत झाले. मावशी मात्र झाली नाही. एकदा माझ्याशी बोलताना ती म्हणाली, "केतकी, चुकून लागली असती ना, तर मी देवाला दोष देऊन मोकळी झाले असते. पण तो जवळ येऊन बोलला. माणूस तडफडतोय आणि हा जोक मारतोय. त्याला मी सोडणार नाही."

तिच्याकडे एकच वस्तू होती. पिंजऱ्यावरचं ते कापड. काकांच्या मुठीत राहिलेलं, हॉस्पिटलातून कपड्यांच्या पिशवीत घरी आलेलं. पोलिसांना तिने दाखवलं होतं, त्यांनी "माताजी, कपड़े से क्या होगा" म्हणून परत दिलं. लाल जमिनीवर काळ्या कैऱ्यांची छपाई, आणि एका ओळीत ठसा उलटा पडलेला. मावशीने ते कापड भैरवगढला नेलं. तिथे घरोघर लाकडी ठशांनी छापतात. ती दारोदार फिरली. अकराव्या की बाराव्या घरी एका म्हाताऱ्या छिप्याने चष्मा वर करून कापड पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ये तो मेरी ही गलती है, बेन. पूरा थान ऐसा निकल गया था. एक मैरिज गार्डनवाले ने परदों के लिए उठा लिया, बोला दूर से किसे दिखता है।"

मॅरेज गार्डन, म्हणजे लग्नाचं लॉन, नानाखेड्याच्या पुढे होतं. मालकाचं नाव शैलेंद्र. पंचेचाळिशीचा, देखणा, सगळ्या पक्षांच्या नेत्यांबरोबर फोटो असलेला माणूस. त्याची शेती नेमकी त्या नाल्याला लागून होती.

मावशी पुन्हा पोलिसांकडे गेली. पुन्हा तेच. पडदे तर कुणीही चोरू शकतं, म्हणे. तेव्हा ती देवश्रीकडे गेली. देवश्री तिच्या कॉलेजात शिकलेली, आता वनविभागात बीट गार्ड.

"मॅम, तीतराचं सोडा, तो मोरही मारतो हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे," देवश्री म्हणाली. "पाहुण्यांना खिलवतो. पण आम्ही पोचतो तोपर्यंत हाडंसुद्धा राहत नाहीत. तो बंदूक चालवताना समोर सापडला पाहिजे. मोरावर गोळी झाडली, लागली नाही तरी चालेल. प्रयत्न केला तरी कायद्यात ती शिकारच."

"खऱ्याच मोरावर झाडायला हवी का?"

देवश्री म्हणाली, "साहेबांना विचारून सांगते."

साहेबांनी आधी हसण्यावारी नेलं, मग हो म्हटलं.

मावशीने पांढरा मोर करायचं ठरवलं. का पांढरा, तर तिचं म्हणणं, साधे मोर त्या नाल्यावर वीस आहेत. त्यातल्या एकासाठी तो आम्हाला हवं तेव्हा, हवं तिथे कशाला येईल? पांढरा मोर मात्र ज्याने मारला त्याची गोष्ट गावभर होईल. पिसांचा प्रश्न मी सोडवला. मीही बँकेत आहे, आणि बँक सुटल्यावर बॅडमिंटन खेळते. क्लबच्या कचऱ्यात तुटकी शटलकॉक ढिगाने पडतात, त्यांना बदकाची पांढरी पिसं असतात. मी पोती भरभरून नेली. मावशी एकेक पीस काढून, वाफेवर वळवून, लगद्याच्या अंगावर बसवायची. काका पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेले असायचे. त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं.

"डोळा परत येणार आहे का?" त्यांनी एकदा विचारलं.

"नाही," मावशी मान वर न करता म्हणाली. "म्हणूनच."

काकांच्या घटनेला तीन वर्षं झाली, त्या मेच्या सुरुवातीला एका नातलगाचं लग्न त्याच गार्डनमध्ये होतं. मावशी ठेवणीतली महेश्वरी साडी नेसली. जेवणाच्या वेळी शैलेंद्र स्वतः हात जोडून टेबलाटेबलाशी फिरत होता. "माताजी, कोई कमी तो नहीं?" आमच्याकडे येऊन तो म्हणाला. मावशीने मला नंतर सांगितलं की काकांनी त्या आवाजाचं जे वर्णन केलं होतं, शांत आणि जरासा हसरा, अगदी तसाच आवाज तिने तिथे ऐकला. पण ती गोड हसली.

"कमी कसली, भैया. खाना बढ़िया है." मग माझ्याकडे वळून, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, हिंदीतच: "मैं कह रही थी ना, उन्हेल रोड के नाले पे सफेद मोर दिखा. एकदम दूध जैसा. अब तो इंदौर से भी लोग आने लगे. दो जन मिले थे, बोले फोटो खींचने आए हैं. अब फोटोवालों के पास इतनी लंबी पेटी किसलिए, भगवान जाने."

शैलेंद्रचे जोडलेले हात जरासुद्धा हलले नाहीत. पण तो पुढच्या टेबलाकडे गेला नाही. तिथेच उभा राहून म्हणाला, "कब आए थे, माताजी?" मावशी म्हणाली, "इतवार की सुबह. बोले, अब हर इतवार आएँगे।"

पहिल्या रविवारी आम्ही देवश्रीला आणि तिच्या गार्डांना घेऊन पहाटेच जाऊन मोर मांडला आणि लपलो. शैलेंद्र आला नाही, पण खरा मोर आला. त्याने आधी लांबून पिसारा फुलवून दाखवला, मग एकदम उडी घेऊन आमच्या मोरावर नखांनी झडप घातली. मान मोडली, पिसं उडाली. देवश्री तोंडावर हात ठेवून हसत होती. मावशी हसली नाही. उलट तिचे डोळे चमकत होते. "नराला फसवलं म्हणजे काम जमलंय," ती म्हणाली.

मान जोडून मोर पुन्हा मांडला, आणि दुसऱ्या रविवारी जीप आली. बांधावर थांबली. काच खाली करून शैलेंद्र बराच वेळ दुर्बिणीने पाहत होता. मग काच वर झाली आणि जीप निघून गेली. त्या दिवशी मावशी जेवली नाही. दुपारच्या उन्हात मोर गच्चीवर ठेवून, बांधाएवढ्या अंतरावरून तिने तो स्वतः पाहिला. चुका तिच्या तिलाच सापडल्या. मानेवर वॉर्निश चमकत होतं, जिवंत पीस तसं चमकत नाही. आणि तास तास मोर एकदाही हलला नव्हता. तिने अंगावर खडूची पूड चोळली, मानेत खिळीचा सांधा केला आणि त्याला मासे धरायचा बारीक दोरा बांधला. शिवाय मोर मोकळ्यात मधोमध ठेवला होता, दुकानात मांडल्यासारखा. तो आता बाभळीच्या सावलीच्या कडेला ठेवायचा, अर्धा दिसेल असा. पक्षी दिसला पाहिजे, पण दाखवलेला वाटता कामा नये, असं तिचे आजोबा सांगत.

"आणि एक राहिलं," ती म्हणाली. "एकटी मादी मांडली तर नर लांबूनच नाचत बसतो. तिच्याजवळ दुसरा कोवळा नर ठेवला की मग धावत येतो. सावज भुकेने नाही येत गं, हेव्याने येतं. ह्याला दुसरा नर फक्त कानावर घातलाय आपण. डोळ्यांना दाखवला नाही."

दुसरा नर मी झाले. शनिवारी संध्याकाळी उजेड असताना मी आणि वनविभागाचा साध्या कपड्यातला एक गार्ड, डोक्याला टोप्या, खांद्यावर कॅमेऱ्याच्या स्टँडची, पण लांबून बंदुकीची वाटेल अशी लांब पेटी, अशा थाटात आम्ही त्या नाल्याच्या पलीकडच्या काठाने तीन चकरा मारल्या. गाडी आम्ही मुद्दाम इंदूरच्या नंबरची मागून आणली होती. तिसऱ्या चकरेला शैलेंद्रच्या शेतातला राखणदार बांधावर येऊन आमच्याकडे पाहत उभा होता. आम्ही त्याला हातही केला.

रविवारी पहाटे मावशीने मोराचं तोंड आमच्या लपणीकडे करून ठेवलं. मी कारण विचारलं. "येणारा नेहमी समोरून तोंड बघायला येतो," ती कुजबुजली. "म्हणजे त्याची पाठ आपल्याकडे राहते."

उजाडल्यावर थोड्या वेळाने जीप आली. या वेळी बांधावर थांबली नाही, खाली उतरली. शैलेंद्र एकटाच होता. वाकून, बाभळीच्या आडोशाने, फार सफाईने तो पुढे आला. मला वाटलं होतं मला भीती वाटेल. मी मावशीकडे पाहिलं. दोरा तिच्या बोटाला गुंडाळलेला, आणि चेहरा असा की स्वयंपाकघरात दूध उतू जायची वाट बघतेय. तिने बोट जरासं ओढलं. मोराची मान वळली.

बंदूक सुटली. पिसं उडाली, मोर उभाच. शैलेंद्र दचकला. दुसरी गोळी. मोर अजून उभा. मग तो घाईने चालत गेला, मोराच्या पुढ्यात जाऊन वाकला, आणि मानेला हात घातला. त्याच्या मुठीत खडूची पूड आणि शटलकॉकचं पीस आलं.

त्याची पाठ आमच्याकडे होती. देवश्री आणि तिघं गार्ड उठायच्या आतच मावशी उठली होती.

"मोर मैंने बनाया है," ती म्हणाली. "आपके लिए।"

तो वळला. त्याने तिला ओळखलं, लग्नातली माताजी म्हणून. ही माताजी इथे कशी, हे काही त्याला उमगेना. गार्डांनी बंदूक काढून घेतली तेव्हासुद्धा तो तिच्याकडेच बघत होता. मावशी जवळ गेली. "तीन साल पहले यहीं एक आदमी ने आपका तीतर उड़ाया था. मैं उसकी पत्नी हूँ।" तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मावशी तो चेहरा डोळे भरून बघत राहिली. देवश्रीला तिला हाताला धरून बाजूला न्यावं लागलं.

जीपमध्ये दोन पिंजरे निघाले. एकावरच्या खोळीवर त्याच काळ्या कैऱ्या होत्या, आणि एका ओळीत ठसा उलटा. त्या बळावर पोलिसांना काकांचं प्रकरण पुन्हा उघडावं लागलं. काकांनी पाच माणसांच्या आवाजातून त्याचा आवाज ओळखला. दोनदा जामीन नाकारला गेला, तिसऱ्यांदा मिळाला.

सुटल्यावर आठवड्याने तो मावशीच्या घरी आला. बरोबर बायको, मीना. दोघांनी काकांचे पाय धरले. मीना रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. शैलेंद्र म्हणाला, "जो सज़ा देना है, आप दीजिए. बस केस वापस ले लीजिए।"

मी तिथेच होते. मावशी आत गेली, कापूस आणि चिकटपट्टी घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. "डाव्या डोळ्यावर लावा," ती मराठीतच म्हणाली, आणि त्याला ते कळलं. त्याने लावलं. मग तिने किटली आणि चार कप ठेवले. "चाय निकालिए।"

त्याला वाटलं हे सोपं आहे. पहिल्याच कपाला किटलीची धार कपाच्या बाहेर पडली. एका डोळ्याने अंतर कळत नाही. दुसरा कपही तसाच. तिसऱ्या वेळी त्याने कप हातात धरला, आणि उकळता चहा त्याच्याच मनगटावर सांडला. मीना पुढे झाली. मावशीने तिला हातानेच थांबवलं.

"होते सवय," ती म्हणाली. "ह्यांना आठ महिने लागले. चौथा कप भरा."

"अहल्या, बस कर," काका म्हणाले.

चौथा कप अर्धा भरला. मावशीने तो उचलून बाजूला ठेवला. "केस परत घेणार नाही. अब जाइए।"

ती दोघं गेल्यावर मला वाटलं काका म्हणतील की झालं ते पुष्कळ झालं, माफ कर. ते तसं काही म्हणाले नाहीत. ते उठले, फडक्याने स्वतः टेबल पुसू लागले आणि पुसता पुसता म्हणाले, "तू त्याला माझ्यासारखं करून दाखवलंस. माझी फजिती म्हणजे काय तमाशा आहे, चार लोकांत दाखवायचा?"

हा विचार मावशीच्या मनाला शिवलाच नव्हता. काका चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी तिने त्यांची माफी मागितली. फक्त त्यांची. शैलेंद्रच्या भाजलेल्या मनगटाबद्दल तिला काही वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. ती भाजी निवडत होती. "नाही वाटत," ती म्हणाली. "वाटलं पाहिजे असं वाटतं कधी कधी. पण नाही वाटत."

मागच्या वर्षी निकाल लागला. मोराच्या प्रकरणात तीन वर्षं, काकांच्या प्रकरणात पाच. शैलेंद्रने वरच्या कोर्टात अपील केलंय आणि तोवर तो जामिनावर बाहेर आहे, दर तारखेला कोर्टात हजर राहायच्या अटीवर. गार्डन आता त्याचा भाऊ चालवतो. शिकारीच्या पार्ट्यांना येणारे साहेब लोक तिकडे फिरकत नाहीत असं ऐकलं.

मावशी एकही तारीख चुकवत नाही. सकाळी लवकर स्वयंपाक आटपते, डब्यात पराठे घेते, इंदूरची बस पकडते आणि कोर्टात त्याला दिसेल अशा बाकावर जाऊन बसते. वकील सांगतात की तुमची गरज नाही, अपिलात साक्षीदार लागत नाहीत. ती ऐकून घेते. आताशा काकाही बरोबर जातात. परवा बसस्टँडवर त्यांनी तिला विचारलं, "अजून किती वर्षं असं येत राहायचं?"

"तो येतोय ना," मावशी म्हणाली, आणि खिडकीजवळची सीट धरायला बसमध्ये चढली.